पॅरिस कुठे पळून जात नाही, आधी नदीकाठचं बाकडं धरा

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही दोघं नाशिकचे. मी शाळेतून निवृत्त, हे वीजमंडळातून. मुलगा-सून फ्रान्समध्ये ल्यों शहरात नोकरीला आहेत. नव्वद दिवसांच्या व्हिसावर जूनच्या पहिल्या आठवड्यात आलो, ऑगस्टअखेर परत. शनिवार-रविवार मुलगा गाडीत घालून कुठे ना कुठे नेतो. आनसी झालं, जिनिव्हा झालं, आता पॅरिस आणि स्वित्झर्लंडचं चाललंय. मला गाडी लागते, गुडघा दुखतो आणि त्याचा खर्च बघून घास घशाखाली उतरत नाही. सोमवार ते शुक्रवार दोघं ऑफिसात, आम्ही घरात. त्यात सून सकाळीच खिडक्यांच्या झडपा लावून जाते, म्हणजे दिवसाढवळ्या काळोख. रात्री साडेनऊपर्यंत मात्र लख्ख उजेड, देवापुढे दिवा कधी लावायचा आणि जेवायचं कधी तेच कळत नाही. हे दिवसभर मोबाईलवर मराठी बातम्या बघत पडलेले. खाली रस्त्यावर माणसं नुसती बसलेली दिसतात, ही करतात तरी काय? आम्हीही जाऊन बसलो असतो, पण भाषा येत नाही, आणि साडी नेसून गवतावर बसलेलं तिथे कसं दिसेल? मुलाला ‘कंटाळा आला’ म्हणायची सोय नाही, तो लगेच तिकिटं काढायला बसतो. मैत्रिणी विचारतात, काय काय पाहिलंस? काय सांगू?

– एक नाशिककर, मुक्काम सॅक्स-गांबेता मेट्रो स्टेशनजवळ

उत्तर

काकू, नमस्कार.

खाली बसलेली माणसं काय करतात, असं तुम्ही विचारलंय. बसतात. उन्हाळ्यात ल्योंमध्ये हाच मोठा उद्योग आहे आणि लोक तो मन लावून करतात. मी त्या शहरात काही वर्षं काढली आहेत, तेव्हा हे ऐकीव सांगत नाही. तुम्ही आनसी पाहिलंत, जिनिव्हा पाहिलंत, पण राहताय त्या गावात अजून पाऊल टाकलेलं नाही. माझा सल्ला एवढाच, की उरलेल्या दिवसांत एक नवी जागा कमी बघा आणि एका जागी रोज जा. सकाळी बाजार, रात्री नदी. बाकी जमलं तर जमलं.

आधी झडपांचं बोलू, कारण तिथे मी सुनेच्या बाजूची आहे. ल्योंच्या जुन्या इमारतींच्या भिंती जाड असतात आणि एसी बहुतेक घरांत नसतोच. रात्रीची गार हवा सकाळी आत कोंडून घ्यायची, काचेवर ऊन पडू द्यायचं नाही, आणि अंधार पडला की सगळं सताड उघडायचं, एवढीच त्यांची यंत्रणा. खिडकी उघडली की वारा येतो हे आपलं गणित तिथे लागू पडत नाही. बाहेर छत्तीस अंश असताना येणारा वारा घर तापवूनच जातो. आणि यामागे एक वाईट आठवण आहे. २००३ च्या ऑगस्टमधल्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे १५,००० माणसं दगावली, त्यांत बहुतेक वयस्क, कित्येक एकटी राहणारी. तेव्हापासून तो देश उन्हाळा हलक्यात घेत नाही. त्यांचं हवामान खातं धोक्याच्या इशाऱ्याचा जिल्हावार नकाशा काढतं, हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. सुनेच्या मोबाईलवर तो असेलच. तुमच्या भागावर नारिंगी दिसला तर त्या दिवशी माझा हा सगळा सल्ला बाजूला ठेवा आणि घरात पडून राहा. मे महिन्यात वाड्याच्या माजघरात सतरंजी टाकून पडावं तसं. त्या काळोखाला घाबरू नका, तो मुद्दाम केलेला आहे.

आता घड्याळ. तुमचा खरा घोटाळा इथे आहे आणि तो मुलाच्याही लक्षात आला नसेल. फ्रान्सचं घड्याळ सूर्याच्या बरंच पुढे चालतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या अमलाखाली ते बर्लिनच्या वेळेला लागलं, युद्ध संपलं तरी तसंच राहिलं, आणि १९७६ पासून उन्हाळ्यात आणखी एक तास पुढे सरकतं. त्यामुळे ल्योंमध्ये जून-जुलैत सूर्य माथ्यावर येतो तो पावणेदोनच्या सुमाराला. आपण नाशिकला चार-साडेचारला ‘ऊन उतरलं’ म्हणून चपला घालतो. तिथे त्या वेळी बाहेर पडाल तर ऐन भाजणीत सापडाल, कारण दिवसातला सगळ्यांत तापलेला वेळ पाच-सहाचा असतो. तेव्हा बाहेर पडायचं ते सकाळी अकराच्या आत, नाहीतर रात्री आठच्या पुढे. मधला वेळ झोपा, वाचा, जपमाळ ओढा, काकांशी भांडा.

दिव्याचं म्हणाल तर घड्याळात सात वाजले की लावून मोकळ्या व्हा. सूर्याच्या भरवशावर राहिलात तर जूनअखेरीला साडेनऊ उलटून जातील. आणि जेवणही साडेसातला उरकून घ्या, हलकं. आपल्याकडे जेवण झालं की दिवस संपतो, तिथे उन्हाळ्यात जेवल्यावर दिवस सुरू होतो. जेवून बाहेर पडायचं, ही एक सवय लागली की निम्मी तक्रार मिटेल बघा.

सकाळच्या बाजाराकडे येते. तुमच्या स्टेशनापासून बेलकूर दोन स्टेशनं. तिथून चालत दहा-बारा मिनिटांत सोन नदीच्या काठावर सें-तांत्वानचा धक्का लागतो. सोमवार सोडून रोज सकाळी तिथे झाडांखाली भाजी-फळांचा बाजार भरतो. पलीकडच्या काठावर जुनं ल्यों आणि त्याच्या डोक्यावर फुर्विएर टेकडी. उतरण-चढण जवळजवळ नाही, म्हणून गुडघ्याला हाच बाजार बरा. ‘क्र्वा-रूस’ टेकडीवरचा बाजार मोठा आणि मला स्वतःला जास्त आवडणारा, पण त्यासाठी मेट्रो दोनदा बदलावी लागते. शेवटची तर दातेरी रुळांवरून चढ चढते. काकांना ती गंमत म्हणून एकदा दाखवा.

बाजारात दोन नियम. पहिला, तोंड उघडल्यावर आधी ‘बोंजूर’. दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना, कुणाला काही विचारताना, आधी बोंजूर आणि मग काम. आपण सरळ ‘कितीला दिले’ म्हणतो त्यात आपल्याला काही वाटत नाही, तिथे तो उद्धटपणा ठरतो. आपल्या लोकांना ‘फ्रेंच लोक फार शिष्ट’ असं जे वाटतं, त्यातलं बरंचसं न म्हटलेल्या बोंजूरमुळे असतं. दुसरा नियम तुम्हाला जड जाईल: फळाला हात लावायचा नाही. वांगं उलटंपालटं केल्याशिवाय पिशवीत न टाकणाऱ्या बाईला हे कठीण आहे, मला माहीत आहे. पण विक्रेता निवडून देतो, आणि नीट देतो. त्याची परीक्षा खरबुजावर घ्या. खरबूज मागितलं की तो विचारेल, आज खायचंय की उद्या? तुम्हाला शब्द दोनच लागतील, ‘ओजुर्द्वी’ म्हणजे आज, ‘दमें’ म्हणजे उद्या. मग तो एकेक फळ हातात तोलेल, देठाकडची बाजू नाकाशी नेईल, देठाभोवती बारीक भेग पडलीय का बघेल, दोन-तीन परत ठेवेल आणि मग एक तुमच्या हातात देईल. उद्याचं सांगून आज कापलंत तर चूक तुमची. इतक्या गंभीरपणे खरबूज निवडणारा माणूस बघणं हीसुद्धा सकाळची करमणूक आहे.

जूनमध्ये चेरी घ्या, जूनअखेरीपासून जर्दाळू. आपण जर्दाळू ओळखतो तो वाण्याकडचा, सुकलेला, सुरकुतलेला. ताजा ही वेगळीच चीज आहे. ल्योंच्या दक्षिणेला, रोन नदीच्या खोऱ्यातच द्रोम जिल्ह्यात त्याच्या बागाच बागा आहेत, त्यामुळे माल फार लांबून येत नाही. एका गालावर लाली आणि तपकिरी ठिपके असलेला बघून मागा. शिवणीवर अंगठा दाबला की दोन फाकी होतात आणि बी कोरडी सुटून हातात येते. बाजार उठायच्या वेळेला, साडेबाराच्या पुढे, पेटीभर माल उतरत्या भावात काढतात. एखाद्या रविवारी मुलाला घेऊन त्या वेळेला जा आणि सुनेबरोबर जर्दाळूंचा साखरआंबा घाला, वेलदोडा टाकून. आंबटगोड चव बरोबर जमते. तिथलं ‘फ्रोमाज ब्लां’ नावाचं ताजं चीज फडक्यात टांगून ठेवलंत तर चक्क्याचं काम करतं, म्हणजे श्रीखंडाचीही सोय झाली. ल्योंचे लोक त्याच चीजमध्ये चिरलेली हिरवी पात, लसूण, मीठ-मिरी घालून पावाबरोबर खातात, तेही तुम्हाला रुचेल. आषाढी एकादशी जुलैत आलीच, उपासाला साबुदाणा शोधत वणवण करण्यापेक्षा पीच आणि जर्दाळू आहेत. चातुर्मासात अंडं चालत नसेल तर आइस्क्रीमऐवजी ‘सॉर्बे’ मागा, ते फळांच्या रसाचं असतं. आइस्क्रीममध्ये पुष्कळदा अंड्याचा बलक असतो. एक गोळा घ्या, चालत चालत खा. साठीच्या बायका रस्त्यात कोन चाटत जाताना तिथे कुणी मान वळवून बघत नाही.

आता रात्रीची नदी, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

तुमच्या घरापासून गियोतिएर पूल जवळ. पुलाच्या अलीकडे, तुमच्याच काठावर, रोन नदीकडे उतरणाऱ्या रुंद पायऱ्या आहेत. तो काठ म्हणजे पूर्वी मोटारी लावायची जागा होती. मोटारी हटवून २००७ मध्ये साधारण पाच किलोमीटरचा काठ माणसांसाठी मोकळा केला. जेवून आठ-सव्वाआठला तिथे जा. तोंड पश्चिमेला येतं. समोर, नदीपलीकडे, ओतेल-द्यूची लांबच लांब इमारत आणि तिचा घुमट. शेकडो वर्षं ते इस्पितळ होतं, २०१० पर्यंत, आता तिथे दुकानं आणि हॉटेल आहे. तिच्या मागे टेकडी, टेकडीवर चर्च, आणि सूर्य त्या टेकडीआड जातो. जायला खूप वेळ घेतो. दिवसभर तापलेला दगड खालून उबदार आणि नदीवरून गार हवा, असं दोन्ही एकदम अंगाला लागतं.

आणि माणसं बघा. एखादं कुटुंब येतं, चादर पसरतं, पिशवीतून लांब पाव निघतो, त्याचं टोक घरून येतानाच कुणीतरी खाल्लेलं असतं. बाप खिशातून घडीचा चाकू काढून खरबुजाच्या फोडी करतो, बिया वर्तमानपत्रावर. पोरं पाय धुतल्यासारखं करून भिजून येतात. एक म्हातारे गृहस्थ घडीची खुर्ची घेऊन येतात, पुस्तक उघडतात, पान काही उलटत नाहीत. दोन बायका कुणाची तरी चहाडी करताहेत, भाषा कळली नाही तरी चहाडी कळतेच. तुम्ही शाळेत आयुष्य काढलंय, माणसं वाचायला तुम्हाला भाषा कशाला हवी? तुम्ही नाशिकच्या, नदीच्या पायरीवर कसं बसायचं हे तर मी तुम्हाला शिकवायलाच नको. फक्त रोज साधारण त्याच वेळी, त्याच जागी बसा. पायऱ्या उंच आहेत, खाली उतरण्याच्या फंदात पडू नका, वरच्या पायरीवर किंवा पुढे झाडांखाली बाकं आहेत तिथे टेका. आठवड्याभरात कुणीतरी मान हलवून ‘बोंसुआर’ म्हणेल. तुम्हीही म्हणा. एवढी ओळख त्या शहरात पुष्कळ होते. तिच्या पुढे जायची घाई तेही करत नाहीत.

सावधगिरीच्या दोन गोष्टी. काठावर सायकलींची वेगळी पट्टी आहे, त्यावर उभं राहून फोटो काढू नका. सायकली आणि स्कूटर सुसाट येतात आणि ओरडतात. आणि शुक्रवार-शनिवार रात्री दहानंतर तिथे तरुण पोरांचा बियर-गिटारचा दंगा असतो. भांडण नसतं, पण तुम्हाला नकोसं होईल. सोमवार ते गुरुवार, साडेनवाच्या आसपास उठून घरी, हे तुमचं वेळापत्रक. पाण्याची बाटली जवळ असू द्या. शहरात पिण्याच्या पाण्याचे सार्वजनिक नळ आहेत आणि घरच्या नळाचं पाणीही बिनधास्त प्या, बाटल्या विकत आणून मुलाला ओझी वाहायला लावू नका.

काकांचं काय करायचं? त्यांना मोबाईलवरून उठवायला निसर्गसौंदर्य उपयोगी पडणार नाही असं पत्रावरून दिसतंय. त्यांना पेताँक बघायला न्या. झाडांखालच्या मुरमाड मोकळ्या जागांवर निवृत्त मंडळी हा खेळ खेळत असतात. जमिनीवर वर्तुळ काढायचं, त्यात दोन्ही पाय रोवून उभं राहायचं आणि सहा ते दहा मीटरवर टाकलेल्या लहानशा लाकडी गोटीच्या जास्तीत जास्त जवळ आपला पोलादी गोळा नेऊन टाकायचा, किंवा दुसऱ्याचा उडवायचा. हा खेळ निघाला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, मार्सेयजवळच्या ला सिओता गावात. एका चांगल्या खेळाडूला संधिवातामुळे धावत येऊन गोळा फेकणं जमेना, तेव्हा धावणंच काढून टाकलं. म्हणजे खेळाचा जन्मच दुखऱ्या सांध्यांमुळे झालाय, काकूंनाही मनाई नाही! कुणाचा गोळा जवळ यावरून वाद पेटला की चार म्हातारे वाकून उभे राहतात आणि कुणीतरी खिशातून टेप काढतं. वीजमंडळात आयुष्य गेलेल्या माणसाला हा प्रकार बघवणारही नाही आणि सोडवणारही नाही. पहिले काही दिवस ते लांबून बघतील, मग कुणीतरी गोळा हातात देईल. लहानपणी गोट्या खेळले असतील तर नेम आहेच. नंतर कोपऱ्यावरच्या कॅफेत फुटपाथवरच्या खुर्चीत बसा. साधी कॉफी म्हणजे दोन घोट काळी आणि कडू येते, म्हणून ‘नोआझेत’ मागा, थेंबभर दूध असतं. दोन-अडीच युरोच्या एका कपावर तासभर बसलात तरी कुणी बिल आणून आपटणार नाही. उठवण्याची पद्धतच नाही.

आठवड्यातून एखाद्या सकाळी ‘तेत दोर’ बाग करा, बसने. १८५७ पासूनची, शंभर हेक्टरांहून मोठी, फुकट, तळं आणि लहानसा प्राणिसंग्रहालयही आत आहे, तोही फुकट. उन्हाळ्यात रात्री साडेदहापर्यंत उघडी असते. पण तुम्ही लवकर जा, गुलाबांसाठी. गुलाबाचा बहर जूनमध्ये, जुलैच्या मध्यापर्यंत तो ओसरतो. ल्यों ही जगातल्या गुलाबांच्या कलमांची एक मोठी पेठ होती. आज फुलवाले ज्या लांब दांड्याच्या, एकेकट्या फुलाच्या जाती विकतात, त्यांतली पहिली मानली जाणारी ‘ला फ्रान्स’ जात १८६७ मध्ये ल्योंच्या एका बागवानाने काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर लागलेला ‘पीस’ गुलाब, पिवळा, कडेला गुलाबी, तोही ल्योंजवळच तयार झाला. मोगलांच्या काळी तुमच्या गावाला गुलशनाबाद म्हणत, तेव्हा तुमचा थोडा हक्क पोचतो तिथे.

फुर्विएरवर चढायची हौस असेल तर जुन्या ल्योंच्या मेट्रो स्टेशनातून दोरीची रेल्वे वर नेते, एक पायरी चढावी लागत नाही. सकाळ स्वच्छ असेल तर मों ब्लां दिसतो. एकदा जा, पुरे.

सिनेमाची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. तुमच्याच मेट्रो लाइनवर मोंप्लेझिर-ल्युमिएर नावाचं स्टेशन आहे. ल्युमिएर बंधूंचा कारखाना तिथे होता. १८९५ च्या मार्चमध्ये त्यांनी त्याच फाटकासमोर कॅमेरा लावून सुटीच्या वेळी बाहेर पडणारे कामगार टिपले, मिनिटभराचीही फिल्म नाही ती. पुढल्याच वर्षी, ७ जुलै १८९६ ला, ल्युमिएर बंधूंची चित्रं मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवली गेली आणि आपल्याकडे सिनेमा आला तो तिथून. फाटकाची जागा, शेडचा उरलेला भाग, त्यांचं घर, सगळं बघायला मिळतं, आणि जवळच्या चौकात उन्हाळ्याच्या रात्री पडदा लावून फुकट सिनेमे दाखवतात. लोक खुर्च्या, उश्या, पांघरुणं घेऊन येतात. अंधार पडेस्तोवर सिनेमा सुरू होत नाही, म्हणजे दहा तरी. संवाद कळणार नाहीत, पण गणपतीत गल्लीत पडद्याच्या उलट्या बाजूने सिनेमा पाहिलेल्या पिढीला त्याचं काय! वेळापत्रक सूनबाईंना बघायला सांगा.

पत्र छापून येईपर्यंत २१ जून गेलेला असेल. त्या रात्री १९८२ पासून फ्रान्सभर रस्तोरस्ती फुकट गाणं-बजावणं असतं. खिडकीतून कानावर आलंच असेल. १४ जुलैला राष्ट्रीय सण. फुर्विएरवरून आतषबाजी बहुतेक वर्षी असते आणि ती तुमच्या त्याच पायऱ्यांवरून दिसते, फक्त त्या दिवशी गर्दी फार, तासभर आधी जागा धरा.

ऑगस्टबद्दल आधीच सांगून ठेवते, नाहीतर घाबराल. ऑगस्टमध्ये शहर रिकामं होतं. तुमचा पाववाला, भाजीवाला, कॅफेवाला, एकेक करून दाराला कागद चिकटवून सुटीवर जातात. कागदावर परत येण्याची तारीख असते, कधी जवळचा कुठला पाववाला उघडा आहे तेही लिहिलेलं असतं. त्या कागदांचा मोबाईलवर फोटो काढून सुनेला पाठवा, ती वाचून सांगेल. १५ ऑगस्टला तिथेही सुटी, मेरीमातेच्या सणाची, तेव्हा आदल्या दिवशी दूध-पाव आणून ठेवा. बरेच लोक या महिन्यात ल्योंला नावं ठेवतात. मला तो फार आवडायचा. रस्ता ओलांडायला थांबावं लागत नाही, ट्राममध्ये बसायला मिळतं, आणि जे मागे राहिलेले असतात, म्हातारे, दुकानाची पोरं, बाळंतिणी, ते एकमेकांना जरा जास्तच बोंजूर म्हणतात. महिन्याच्या अखेरीला सूर्य साडेआठच्या आतच मावळू लागतो. मग दिव्याची वेळ आपोआप जागेवर येईल.

मुलाशी बोलण्याचं अवघड काम उरलं. ‘आम्हाला कुठे नेऊ नकोस’ म्हणालात तर त्याला लागेल. आई-बाबा इतक्या लांब आले आणि आपण काही दाखवलं नाही, ही बोच त्याला आहे, म्हणून तो तिकिटं काढतो. त्याला नकार देण्यापेक्षा कामं द्या. मेट्रोचे पास काढून दे. घरचा पत्ता आणि तुझा नंबर फ्रेंचमध्ये कागदावर लिहून दे, पर्समध्ये ठेवते. एक शनिवार तुझा, एक शनिवार माझा. माझ्या शनिवारी बाजारात माझ्याबरोबर यायचं आणि पिशवी धरायची. स्वित्झर्लंड साफ रद्द करा, गाडी लागणाऱ्या बाईने घाटाचे रस्ते कशाला ओढवून घ्यायचे? पॅरिसला जायचंच असेल तर रेल्वेने, दोन तासांत पोचते, गाडी लागत नाही. एक रात्र राहा आणि या. खर्चाचं त्याच्यासमोर काढू नका, तो कमावता आहे, त्याला ते आवडणार नाही. आणि सुनेला झडपांबद्दल एकदा ‘तुझं बरोबर होतं’ म्हणून टाका. त्याचा फायदा ऑगस्टअखेरपर्यंत पुरेल.

मैत्रिणींना बिनधास्त खरबूजवाल्याचा फोटो पाठवा. आयफेल टॉवर त्यांनी पाहिलेला आहे.

साडीचं विचारलंत. खुशाल नेसा. ते गाव रेशमाचं आहे. क्र्वा-रूस टेकडीवर विणकर राहायचे, आणि येवल्याच्या मागांवर नक्षी विणायला जे ‘जकार्ड’ चढवतात ते ज्याच्या नावाचं, तो जॅकार्ड ल्योंचाच. १८०० च्या आगेमागे त्याने ते यंत्र तिथे बसवलं. साडीचा काठ बघून थांबणारी एखादी म्हातारी भेटली तर नवल वाटून घेऊ नका, पदर पुढे करून दाखवा. फक्त गवतावर बसायला सुतीच नेसा आणि खाली चादर घ्या. जर्दाळूचा रस आणि गवताचा हिरवा डाग, दोन्ही रेशमावरून निघत नाहीत.